दातेरी चाकांचा कॉम्प्युटर आणि आपल्या पुस्तकातली लांब उडी

‘जनरेशन्स ऑफ कॉम्प्युटर्स’ हा धडा आपल्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाठ केलाय. आधी ॲबॅकस, मग पास्कलचं बेरजेचं यंत्र, मग चार्ल्स बॅबेज (बिचारा! पैसे संपले, यंत्र अर्धवट राहिलं), त्यानंतर शंभरेक वर्षांची लांब उडी आणि थेट १९४६ सालचा एनिॲक. फर्स्ट जनरेशन व्हॅक्युम ट्यूब, सेकंड ट्रान्झिस्टर, थर्ड आयसी, फोर्थ मायक्रोप्रोसेसर. फिफ्थच्या खाली ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ असं खरडून मोकळं व्हायचं. पाच मार्क खिशात.

मंडळी, आज त्या लांब उडीबद्दल लिहायचंय. कारण त्या उडीच्या खाली न्यूयॉर्कमधला एक अख्खा कारखाना गाडला गेलाय. हा कारखाना कॉम्प्युटर बनवायचा. प्रयोगशाळेत मिरवायचे नमुने नव्हेत, तर युद्धनौकेच्या पोटात बसवलेले, लाटांचे हेलकावे आणि तोफांचे दणके खात रोज चालणारे कॉम्प्युटर. तेही एनिॲकच्या तीस वर्षं आधीपासून. कारखान्याचं नाव फोर्ड इन्स्ट्रुमेंट कंपनी. माझं स्पष्ट मत असं की हिला वगळून सांगितलेला कॉम्प्युटरचा इतिहास खोटा आहे, आणि त्या खोटेपणाची किंमत आपण आयटीत पोट भरणारे लोक आजही मोजतोय. कशी, ते पुढे येईलच.

मोटारवाल्या हेन्री फोर्डशी याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगतो. हा हॅनिबल फोर्ड. जन्म १८७७, न्यूयॉर्क राज्यातलं ड्रायडन नावाचं गाव. १९०३ साली कॉर्नेलमधून मेकॅनिकल इंजिनियर झाला, टाइपरायटर बनवणाऱ्या कंपनीत काम केलं आणि १९०९ साली एल्मर स्पेरीकडे रुजू झाला. जहाजावरचा जायरोकंपास अमेरिकेत घडवला तो याच स्पेरीने. १९१५ साली फोर्डने ती नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली. गिऱ्हाईक जवळपास एकच: अमेरिकन नौदल. माल: तोफांचं गणित करणारी यंत्रं.

गणित कसलं? समजा तुमच्या जहाजापासून वीस किलोमीटरवर शत्रूचं जहाज आहे. तुम्ही चालताय, तोही चालतोय, दोघंही मध्येच वळताय, डेक खालीवर होतोय, वारा सुटलाय. तोफेतून सुटलेला गोळा अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ हवेत असतो. ३० नॉट वेगाचं जहाज सेकंदाला साधारण १५ मीटर सरकतं, म्हणजे गोळा पोचेपर्यंत ते अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. तेव्हा शत्रू आत्ता दिसतोय तिथे नेम धरून काहीच उपयोग नाही. तो जिथे असेल तिथे धरायचा, आणि तो ‘जिथे’ दर सेकंदाला बदलतोय. १९१६ सालच्या जटलंडच्या लढाईत दोन्ही आरमारांनी मिळून हजारो गोळे उडवले. लागले तीन टक्क्यांच्या आसपास. बाकीचे मासे मारायला गेले.

हा प्रश्न सोडवायला निघालेला फोर्ड काही पहिला नव्हता. इंग्लंडमध्ये आर्थर पोलनच्या आर्गो कंपनीने त्याच्या आधी असं यंत्र बनवलं होतं. पुढे नौदलाशी त्याचं बिनसलं आणि १९२५ साली शोधाचा मोबदला म्हणून त्याला तीस हजार पौंड मिळाले. ती वेगळी रडकथा आहे. ‘पहिला कोण’ हा वाद मला घालायचाच नाही. मला सांगायचंय ते यंत्र कसं चालायचं, कारण ते कळल्याशिवाय पुढचं माझं भांडण कळणार नाही.

बारावीत आपण इंटिग्रेशनची सूत्रं घोकली. फोर्डचं इंटिग्रेशन बघा. एक गोल सपाट तबकडी घ्या, मोटरवर एकसारखी फिरणारी. हा झाला काळ. तिच्यावर एक पोलादी गोळी टेकवा. गोळी मध्यापासून जितकी लांब, तितकी ती जोरात फिरणार. बरोबर मध्यावर ठेवली तर ढिम्म, आणि पलीकडे सरकवली तर उलटी. म्हणजे गोळीचं मध्यापासूनचं अंतर हा झाला वेग. आता गोळीवर एक रोलर टेकवा. तो एकूण किती फिरला, ते झालं कापलेलं अंतर. संपलं. एकही ओळ कोड नाही.

कल्पना मूळची लॉर्ड केल्विनच्या भावाची, जेम्स थॉमसनची, १८७६ सालची. असे इंटिग्रेटर एकमेकांना जोडले की डिफरन्शियल इक्वेशन सुटतील, हे केल्विनच्या लक्षात आलं होतं. (याच केल्विनच्या कल्पनेवर १८७९ साली लंडनमध्ये बनलेल्या दुसऱ्या एका यंत्रावर आपल्या मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीची वेळापत्रकं काढली जायची. चाकांच्या गणिताशी आपला संबंध तसा जुना आहे.) पण घोडं अडलं ते ताकदीपाशी. नुसत्या टेकलेल्या गोळीत पुढची यंत्रणा ढकलण्याइतका जोर नसतो, आणि दाबून बसवली तर ती सरकवताना घासते. फोर्डने एका गोळीच्या जागी एकावर एक अशा दोन गोळ्या ठेवल्या आणि वरून स्प्रिंगचा जबर दाब दिला. आता दाब असूनही गोळ्या घासत नाहीत, लोळतात. १९१९ साली त्याला याचं पेटंट मिळालं. शीर्षक काय, तर ‘मेकॅनिकल मूव्हमेंट’! इतक्या मोठ्या शोधाला इतकं बिनरंगी नाव एखादा इंजिनियरच देऊ जाणे.

बाकीचे भागही असेच. बेरीज-वजाबाकीला डिफरन्शियल गियर, गाडीच्या मागच्या ॲक्सलमध्ये असतो तोच. कोनांच्या साइन-कोसाइनला खाचांतून सरकणाऱ्या पट्ट्या. आणि गोळ्याच्या उड्डाणाचं सगळं कोष्टक धातूच्या वेड्यावाकड्या कॅमवर चक्क कोरलेलं. आपण ज्याला लुकअप टेबल म्हणतो तेच, फक्त बोटाने चाचपता येणारं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो पुढचा भाग. गोळा किती वेळ हवेत राहणार हे अंतरावर ठरतं. अंतर किती धरायचं हे शत्रू तेवढ्या वेळात कुठे सरकेल त्यावर ठरतं. म्हणजे पुन्हा वेळेवरच. आधी कोंबडी की आधी अंडं! आपण काय करू? एक अंदाज घेऊ, लूप लावू, उत्तर बदलायचं थांबेपर्यंत फिरवत बसू. या लोकांनी उत्तराचा दांडा सरळ मागे वळवून इनपुटला जोडून टाकला. सगळी चाकं एकमेकांना ओढत-ढकलत जिथे स्थिरावतात, ते उत्तर. परिस्थिती बदलली की ती लगेच नव्या जागी सरकतात. त्यावर एक माणूस बसलेला. यंत्र म्हणतंय शत्रू अमुक अंतरावर असेल, प्रत्यक्ष मोजलेलं अंतर तमुक येतंय. फरक दिसला की तो शत्रूच्या वेगाचा आणि दिशेचा अंदाज सुधारणार. भाकीत करा, ताडून बघा, दुरुस्त करा. आज याच गोष्टीवर कॉन्फरन्समध्ये स्लाइड्स दाखवतात.

हे पहिलं यंत्र, रेंजकीपर मार्क १, पहिल्या महायुद्धाच्या काळातच ‘टेक्सस’ या युद्धनौकेवर चढलं. पुढे विमानांवरही मारा करावा लागणार हे दिसल्यावर फोर्डच्या कंपनीने वाढीव यंत्र केलं. वजन चौदाशे किलोच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विनाशिकांपासून मोठ्या युद्धनौकांपर्यंत ते बसलेलं होतं. नौदलाच्या माहितीपुस्तिकेत त्याचं अधिकृत नाव काय होतं माहितीय? ‘कॉम्प्युटर मार्क १’. म्हणजे मी आज ओढूनताणून त्याला कॉम्प्युटर म्हणत नाहीये. ज्यांनी वापरला त्यांनीच म्हटलंय.

आणि चालायचं का? २५ ऑक्टोबर १९४४ च्या पहाटेच्या अंधारात, फिलिपाइन्समधल्या सुरिगाव सामुद्रधुनीत ‘वेस्ट व्हर्जिनिया’ने साधारण २१ किलोमीटरवरून जपानी ‘यामाशिरो’वर पहिलीच फैर झाडली आणि ती लागली. अंतर दिलं रडारने, गणित केलं खालच्या दातेरी चाकांनी. त्याहून पुढे या. १९८० च्या दशकात अमेरिकेने आयोवा वर्गाच्या चार जुन्या युद्धनौका पुन्हा सेवेत आणल्या. त्यांच्यावर टॉमाहॉक क्षेपणास्त्रं चढवली, पण सोळा इंची तोफांचं गणित जुन्याच रेंजकीपरकडे ठेवलं. १९९१ च्या आखाती युद्धात ‘मिसुरी’ने साडेसातशेहून जास्त गोळे डागले ते याच यंत्रांच्या भरवशावर. म्हणजे विंडोज ३.० बाजारात आल्यावरसुद्धा फोर्डची चाकं प्रॉडक्शनमध्ये होती. आपलं कुठलं सॉफ्टवेअर इतकी वर्षं चालेल, हात वर करा बघू. :-)

आता हरकती. मित्रमंडळींत हा विषय काढला की त्या येतातच.

पहिली: ‘अरे पण ते प्रोग्रामेबल कुठे होतं?’ बरोबर, नव्हतं. एकच काम करायचं. पण मग अटानासॉफ-बेरी कॉम्प्युटरही एकाच प्रकारची समीकरणं सोडवणारा होता, आणि रोजच्या कामाला तो कधी लागलाच नाही. तरी त्याला पुस्तकात जागा आहे! म्हणजे निकष प्रोग्रामेबल असण्याचा नाहीच. निकष आहे इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल असण्याचा. चालेल, तोही निकष घ्या. मग धड्याला ‘इलेक्ट्रॉनिक डिजिटल कॉम्प्युटरच्या पिढ्या’ असं पूर्ण नाव द्या ना. विशेषणं खाऊन टाकायची आणि उरलेल्या नामावर एकट्याने मालकी सांगायची, ही लबाडी झाली.

दुसरी: ‘डिजिटलने त्याला हरवलंच की.’ हरवलं, आणि हरवायलाच हवं होतं. नवी तोफ, नवा गोळा आला की नवे कॅम कापा. रिक्वायरमेंट बदलली की लेथ सुरू! विमानं आणि क्षेपणास्त्रं इतकी वेगवान झाली की चाकांना ते झेपणं शक्य नव्हतं. मी कुणाला गियरकडे परत चला असं म्हणत नाहीये. पण हरलेल्याचं नावच पुसून टाकणं हा कुठला न्याय?

तिसरी जास्त गंभीर: ‘माणसं मारायच्या यंत्राचं काय कौतुक?’ खरंय. ती पहिली फैर लागली तेव्हा त्या जहाजावर माणसं होती, हे मला सुरिगावचं वर्णन वाचताना विसरता येत नाही. पण हीच चाळणी एनिॲकला लावा. तो बांधला गेला लष्कराला तोफांची कोष्टकं हवी होती म्हणून, आणि १९४५ च्या डिसेंबरात त्याच्यावर पहिलं मोठं काम चाललं ते हायड्रोजन बॉम्बचं. आपल्या धंद्याच्या कुंडलीत बारूद आहेच. एकाचं झाकायचं आणि दुसऱ्याला त्याच कारणाने घराबाहेर ठेवायचं, हे चालणार नाही.

मग विसर का पडला? एक कारण उघड आहे: गोपनीयता. नौदलाने तोंडाला कुलूप लावलं होतं. पण निव्वळ तेवढंच असतं तर कुलूप उघडल्यावर नाव वर आलं असतं. संगणक-इतिहासाच्या आयट्रिपलईच्या नियतकालिकात हॅनिबल फोर्ड आणि त्याचा सहकारी विल्यम न्यूवेल यांच्या यंत्रांवर सविस्तर लेख आला तो १९९३ साली. तोपर्यंत ‘मिसुरी’ निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं.

दुसरं कारण माझ्या मते खरं कारण आहे. इतिहास डेमोचा लिहिला जातो. फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिॲक पत्रकारांना दाखवला, तेव्हा दिव्यांची उघडझाप नीट दिसावी म्हणून त्यांच्यावर अर्धे कापलेले पिंगपाँगचे बॉल बसवले होते. फोटो झकास आले. ज्या बायकांनी त्या यंत्राचं प्रोग्रॅमिंग केलं होतं त्यांना त्या रात्रीच्या मेजवानीचं बोलावणंही नव्हतं, ती गोष्ट वेगळी. की वेगळी नाहीच? बोलणाऱ्याची बोरं विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे आंबे सडतात म्हणतात ना, तसं. फोर्डचं यंत्र जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, पत्र्याच्या पेटीत बंद. त्याचा फोटो काय काढणार? ते फक्त चालायचं.

गंमत बघा. फोर्डची कंपनी पुढे पुन्हा स्पेरीच्याच छत्राखाली गेली. १९५५ साली स्पेरी आणि रेमिंग्टन रँड एकत्र येऊन स्पेरी रँड झाली. रेमिंग्टन रँडने १९५० साली एनिॲकवाल्या एकर्ट आणि मॉकलीची कंपनी विकत घेतलेली होती. म्हणजे १९५५ साली दातेरी चाकांचे कॉम्प्युटर बनवणारे आणि एनिॲकचे वारसदार एकाच घरात नांदायला लागले. त्याच वर्षी हॅनिबल फोर्ड वारला आणि त्याच वर्षी एनिॲकही बंद झाला. पुढे याच स्पेरी रँडने एनिॲकच्या पेटंटवरून हनीवेलशी कज्जा खेळला आणि १९७३ साली कोर्टाने ते पेटंट रद्द केलं. ‘इलेक्ट्रॉनिक डिजिटल कॉम्प्युटर आमच्याकडून सुरू झाला’ असं सांगायला वर्षानुवर्षं वकील उभे केले. घरातल्या दुसऱ्या पोराचं, ज्याने रेडस्टोन क्षेपणास्त्राच्या मार्गदर्शन यंत्रणेचंही काम केलं होतं, त्याचं नाव कोण घेणार? ते पोर स्पेरीच्या पोटातच विरघळलं. त्याच्या लाँग आयलंड सिटीतल्या इमारतीत १९७१ साली एक कम्युनिटी कॉलेज सुरू झालं.

आणि हे सगळं ‘तिकडचं’ म्हणून सोडून देऊ नका. १९८६ साली स्पेरी आणि बरोज एक होऊन युनिसिस झाली. त्यातली बरोज १९७७ साली टाटांबरोबर आपल्या मुंबईत आली होती, सीप्झमध्ये. टाटा बरोज, मग टाटा युनिसिस, मग टाटा इन्फोटेक, आणि २००६ साली टीसीएसमध्ये विलीन. तंत्रज्ञानाचा वारसा असा इथे आला असं मी म्हणत नाही, नातं कागदोपत्रीच आहे. पण चुलत-चुलत का होईना, घराणं एक आहे.

आता किंमतीचं. मी स्वतः मेकॅनिकलचा, आणि माझ्यासारखे मेकॅनिकल, सिव्हिल, इन्स्ट्रुमेंटेशनवाले या धंद्यात हजारोंनी आहेत. पहिल्या नोकरीच्या ट्रेनिंगला (कंपनीचं नाव नको) आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: चार वर्षांत शिकलात ते गेटबाहेर ठेवा, इथे कॉम्प्युटर शिकायचाय. जणू कॉम्प्युटर म्हणजे कीबोर्डच्या अलीकडचं जग, आणि गियर, कॅम, फीडबॅक हे पलीकडचं, जरा खालच्या जातीचं. हा समज येतो कुठून? त्या लांब उडीवाल्या धड्यातूनच. पहिलं पान एका मेकॅनिकल इंजिनियरचं आहे हे शिकवलं असतं तर असं बोलायला जीभ वळली नसती.

दुसरी किंमत रोजची आहे. आपल्या ऑफिसात डेमो देणारा दिसतो. रात्री तीनला बॅच जॉब पडला तर उठून तो उभा करणारा दिसत नाही. ‘न्यू डेव्हलपमेंट’वाला हिरो आणि ‘मेंटेनन्स’वाला बेंचच्या एक पायरी वर. अप्रेझलला वाक्य ठरलेलं: ‘यू आर डुइंग अ गुड जॉब, बट व्हिजिबिलिटी नाही.’ तीस-तीस वर्षं चालणाऱ्या बँकेच्या सिस्टिमला आपण ‘लेगसी’ म्हणतो, आणि म्हणताना नाक मुरडतो. अरे, लेगसी म्हणजे वारसा! जे टिकलं त्यालाच वारसा म्हणतात. न टिकलेल्याला स्टार्टअप म्हणतात. (चिडू नका.)

फोर्डच्या कंपनीत हे उलटं होतं, कारण गिऱ्हाईकाला दुसरं परवडणारं नव्हतं. भर समुद्रात सपोर्टला फोन लावता येत नाही. यंत्र बिघडलं तर जहाजावरच्या, कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्या पोरांना ते उघडून दुरुस्त करता आलं पाहिजे. म्हणून नौदलाने १९४४ साली या यंत्रांच्या मूलतत्त्वांवर आख्खी पुस्तिका काढली आणि १९५३ साली फिल्म. ती फिल्म आज युट्यूबवर आहे, ‘बेसिक मेकॅनिझम्स इन फायर कंट्रोल कॉम्प्युटर्स’ या नावाने. गियर, कॅम, इंटिग्रेटर, एकेक सुटं करून दाखवलंय. इतकं स्वच्छ डॉक्युमेंटेशन मी माझ्या कुठल्याही प्रोजेक्टवर पाहिलेलं नाही. आपल्याकडे डॉक्युमेंटेशन म्हणजे नोटीस पिरियडमधल्या माणसाला दिलेली शिक्षा.

तर मागणं साधं आहे. शिकवणारे कुणी वाचत असतील तर त्यांनी त्या धड्यात एक ओळ घालावी: १९१५, फोर्ड इन्स्ट्रुमेंट कंपनी, यांत्रिक कॉम्प्युटर, १९९१ पर्यंत वापरात. एवढंच. पाच मार्कांच्या उत्तरात बसते. आणि आपण बाकीच्यांनी या आठवड्यात आपल्या टीममध्ये जो माणूस वर्षानुवर्षं काहीतरी चालू ठेवतोय आणि ज्याचं नाव कुठल्याच स्लाइडवर नसतं, त्याच्या डेस्कवर जाऊन ते नेमकं कसं चालतं ते विचारावं. तो सांगेल. त्याला आजपर्यंत कुणी विचारलेलं नसतं.